एका दांपत्याचे छायाचित्र : चार्ल्स आणि एलेन कीन

इ. स. १८५८ मधील एका छायाचित्रात मॅक्बेथ आणि लेडी मॅक्बेथ यांच्या वेशातील एक नट आणि एक नटी एकत्र दिसतात. नट चार्ल्स कीन, वय ४७. नटी त्याची पत्नी एलेन, वय ५२. दोघे व्यवहारात पती-पत्नी आहेत, लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील प्रिन्सेस थिएटरचा कारभार दोघांच्या बळावर चालतो आहे, आणि ज्या भूमिकांत ती येथे उभी केली गेली आहेत त्या भूमिकाही पती-पत्नीच्याच आहेत. एकाच काचेवर अशी तीन नाती एकावर एक उमटलेली आहेत. रंगभूमीच्या इतिहासावरील ग्रंथांत हे छायाचित्र बहुधा एकाच कारणासाठी छापले जाते : एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी रंगभूमीने शेक्सपिअरला 'ऐतिहासिक' वेशभूषा चढविण्याचा जो आटापिटा केला, त्याचा नमुना म्हणून. तळटीप एका ओळीची असते आणि वाचक पान उलटतो. परंतु छायाचित्र जे सिद्ध करते असे ही तळटीप सांगते, नेमके तेच ते सिद्ध करीत नाही. रंगभूमीच्या इतिहासलेखनात छायाचित्राला पुरावा म्हणून किती आणि कसे वापरावे, हा प्रश्न या एका उदाहरणातून फार स्पष्टपणे पुढे येतो.

चार्ल्स हा एडमंड कीनचा मुलगा. एडमंडचे एकही छायाचित्र नाही, असू शकत नाही. तो मे १८३३ मध्ये वारला आणि छायाचित्रणाची कला लोकांसमोर आली ती १८३९ मध्ये. त्याच्याविषयी आपण जे जाणतो ते मुख्यतः विल्यम हॅझ्लिटमुळे. २६ जानेवारी १८१४ रोजी ड्रूरी लेन थिएटरात एडमंडने शायलॉकची भूमिका केली आणि हॅझ्लिटने 'मॉर्निंग क्रॉनिकल'मध्ये तिच्यावर लिहिले. त्या लेखनातून आणि पुढील परीक्षणांतून एडमंडची चाल, त्याचे थबकणे, एका भावनेतून दुसरीत होणारी त्याची उडी, हे सारे गद्यात साठविले गेले. वाङ्मयसमीक्षेच्या अभ्यासकाला हे सोयीचे वाटते, कारण येथे नटाची कला थेट संहितेत रूपांतरित होऊन आलेली असते. मुलाच्या वाट्याला असा हॅझ्लिट आला नाही. त्याच्या वाट्याला छायाचित्रकार आला. बापाची हालचाल उरली आणि चेहऱ्याच्या बाबतीत रंगचित्रे व कोरीव चित्रे यांवर विसंबावे लागते. मुलाचा चेहरा, पोशाख, दाढीची ठेवण हे सर्व उरले आणि हालचाल गेली. शब्द आणि छायाचित्र ही एकाच गोष्टीची दोन साधने आहेत, एक कमी अचूक आणि एक अधिक अचूक, अशी जी समजूत रूढ आहे, तिला या बापलेकांच्या उदाहरणाने धक्का बसतो. दोहोंच्या नजरेतून सुटते ते वेगवेगळे असते.

बापाचा वारसा मुलाला आणखी एका अर्थाने भोवला. जानेवारी १८२५ मध्ये अल्डरमन कॉक्स याने आपल्या पत्नीशी असलेल्या संबंधांबद्दल एडमंडवर खटला भरला, न्यायालयाने ८०० पौंडांची भरपाई बसविली आणि त्यानंतर प्रेक्षकांनी एडमंडला रंगमंचावरच हुर्यो करून हैराण केले. चार्ल्स त्या वेळी ईटन येथे शिकत होता. बापाची घडी विस्कटल्यामुळे त्याला शाळा सोडावी लागली आणि ऑक्टोबर १८२७ मध्ये तो ड्रूरी लेनच्या रंगमंचावर उभा राहिला. २५ मार्च १८३३ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लोचे काम करीत असताना एडमंड कोसळला. त्या प्रयोगात इयागो चार्ल्सच होता. पुढे आयुष्यभर चार्ल्सने जी प्रतिष्ठा जिवापाड जपली, 'सद्गृहस्थ नट' म्हणून स्वतःची जी प्रतिमा घडविली, तिच्यामागे हा इतिहास आहे. १८४८ पासून विंडसर राजवाड्यातील नाट्यप्रयोगांची व्यवस्था त्याच्याकडे आली. व्हिक्टोरिया राणी त्याच्या थिएटरात येत असे. अशा नटाला पत्नीसह छायाचित्रात दिसण्याची हौस असावी यात नवल नाही. ज्या घराण्याचे नाव परस्त्रीच्या प्रकरणाने डागाळले होते, त्या घराण्यातील पुरुष पत्नीच्या शेजारी उभा राहून जगापुढे येतो. मात्र ज्या वेशात तो येतो तो वेश खुनी नवऱ्याचा आणि त्याला चिथावणाऱ्या बायकोचा असतो! हा विसंवाद त्या काळच्या प्रेक्षकाला टोचला नसावा. भूमिका आणि व्यक्ती यांना तो सहज वेगळे ठेवीत असे, आणि तरीही छायाचित्र विकत घेताना दोघांना मिळून एकच किंमत मोजीत असे.

२९ जानेवारी १८४२ रोजी डब्लिन येथे दोघांचा विवाह झाला तेव्हा एलेन ट्री ही चार्ल्सहून मोठी नटी होती. वयाने पाच वर्षांनी आणि नावानेही. टॉलफर्डच्या 'आयॉन' या शोकात्मिकेतील तरुण नायकाची पुरुषभूमिका तिने गाजविली होती. १८३६ ते १८३९ या काळात तिने अमेरिकेचा दौरा करून मोठी कमाई केली होती. या स्त्रीचे नाव विवाहानंतर जाहिरातींतून नाहीसे झाले आणि तिच्या जागी 'मिसेस चार्ल्स कीन' आली. ही त्या काळची सर्वसाधारण रीत होती, एवढे म्हणून हा मुद्दा सोडून देता येत नाही. जॉन विल्यम कोल याने १८५९ मध्ये दोन खंडांत चार्ल्सचे चरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात चार्ल्सच्या नावापुढे पुरातत्त्वविषयक मंडळाच्या सदस्यत्वाची अक्षरे आहेत. एलेनचे नाव नाही. इतिहासाच्या पुस्तकांत 'चार्ल्स कीनचे प्रयोग' असा जो शब्दप्रयोग रुळला, त्याची मुळे येथवर जातात.

ते सदस्यत्व चार्ल्सला १८५७ मध्ये मिळाले आणि त्याला त्याचा कोण अभिमान! १८५० ते १८५९ या काळात प्रिन्सेस थिएटरमध्ये झालेले शेक्सपिअरचे प्रयोग म्हणजे जणू रंगमंचावर मांडलेली वस्तुसंग्रहालये होती. फेब्रुवारी १८५३ मध्ये 'मॅक्बेथ' आले तेव्हा प्रयोगाच्या जाहिरातपत्रकावर चार्ल्सने वेशभूषेविषयी एक विद्वत्ताप्रचुर निबंधच छापला. अकराव्या शतकातील स्कॉटलंडच्या पोशाखाविषयी खात्रीलायक माहिती नाही, तेव्हा ज्या लोकांशी त्या देशाचा सतत संबंध होता त्या डेन आणि अँग्लो-सॅक्सन लोकांचे अंगरखे, झगे, पायांना आडवेतिडवे गुंडाळलेले पट्टे आणि कड्यांची चिलखते आपण स्वीकारली आहेत, मात्र स्थानिक वैशिष्ट्य म्हणून पट्ट्यापट्ट्यांचे व चौकटींचे कापड राखले आहे, असा त्याचा आशय होता. आधाराला प्राचीन ग्रीक-लॅटिन ग्रंथकार होते. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि त्यात एक गंमतही आहे. माहिती नसल्याचे प्रारंभीच कबूल केले जाते आणि मग त्याच अज्ञानाच्या पायावर तपशिलांची इमारत रचली जाते. तीन वर्षांनी 'द विंटर्स टेल' आले. तेथे तर शेक्सपिअरचा बोहेमिया हा देशच बदलून बिथिनिया करण्यात आला, कारण बोहेमियाला समुद्रकिनारा नाही. ही दुरुस्ती मुळात अठराव्या शतकातील संपादक टॉमस हॅन्मर याची. कीनने ती रंगमंचावर आणली. छोट्या मॅमिलियसच्या हातात दिलेली खेळण्यातली गाडीदेखील प्राचीन नमुन्यावरून बनविलेली होती.

भरताच्या परिभाषेत बोलायचे तर हा सारा आहार्य अभिनयाचा अतिरेक आहे. आंगिक, वाचिक आणि सात्त्विक यांना मागे सारून आहार्य पुढे येतो; इतका की संहितेलाच त्याच्यासाठी जागा करून द्यावी लागते. देखावे बदलण्यास वेळ हवा म्हणून कीन संहितेतील ओळी सढळ हाताने कापीत असे. कापडाच्या पट्ट्यांबद्दल एवढा काटेकोर असणारा माणूस शब्दांच्या बाबतीत उदार होता. आणि छायाचित्रात टिकते ते नेमके आहार्यच. १८५३ ची 'मॅक्बेथ' कशी होती हे आज कोणी विचारले तर या छायाचित्राकडे बोट दाखविले जाते. जी बाजू त्या प्रयोगात आधीच अवाजवी वाढलेली होती, तीच काळाच्या चाळणीतून खाली पडून आपल्या हाती येते. साधन आणि विषय येथे एकमेकांना इतके अनुकूल आहेत की अभ्यासकाने सावध व्हावे. भर प्रयोगात होती की साधनामुळे दिसते आहे, हे सहजी वेगळे करता येत नाही.

साधनाकडे थोडे बारकाईने पाहावयास हवे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने मार्च १८५१ मध्ये ओल्या कोलोडिअनची पद्धत प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. काचेवर चिकट द्रव पसरून, तो रौप्यक्षाराने प्रकाशसंवेदी करून, ओला असतानाच छायाचित्र घ्यावयाचे आणि लगेच काच धुवावयाची, अशी ही धांदलीची पद्धत. विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट याने आपल्या जुन्या पेटंटात हीदेखील पद्धत येते असा दावा केला आणि मार्टिन लारोश या छायाचित्रकाराला न्यायालयात खेचले. डिसेंबर १८५४ मधील त्या खटल्यात पंचांनी लारोशच्या बाजूने कौल दिला. कोलोडिअन पद्धतीने टॉलबटच्या पेटंटाचा भंग होत नाही असे ठरले आणि व्यावसायिक छायाचित्रणाचा मार्ग मोकळा झाला. हा लारोश (त्याचे खरे नाव विल्यम हेन्री सिल्व्हेस्टर) ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच व्यवसाय करीत असे, आणि प्रिन्सेस थिएटरच्या नटांची छायाचित्रे घेणारा तोच. 'द विंटर्स टेल'मधील लिऑन्टीसच्या वेशातला चार्ल्स आणि खेळण्यातली गाडी घेतलेली नऊ वर्षांची एलेन टेरी हे प्रसिद्ध छायाचित्र त्याचेच. ज्या खटल्याने छायाचित्रण स्वतंत्र केले त्यातील प्रतिवादी आणि ज्याने शेक्सपिअरला वस्तुसंग्रहालयात नेले तो नट, यांच्या वाटा एकाच रस्त्यावर एकमेकींना मिळतात, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.

त्या काळातील तथाकथित नाट्यछायाचित्र हे नाटकाचे छायाचित्र नव्हे, हे विसरता कामा नये. थिएटरातील गॅसच्या उजेडात ओल्या काचेवर काहीही उमटले नसते. कीनने १८५५ च्या 'हेन्री द एट्थ'मध्ये चुन्याच्या प्रखर प्रकाशझोताचा वापर केला होता खरा, पण तो प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी. छायाचित्रासाठी नटांना पोशाख घेऊन दिवसाढवळ्या स्टुडिओत जावे लागे, काचेच्या छपराखाली उभे राहून कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावण्याची प्रथा होती. म्हणजे अंधाराचे नाटक म्हणून ज्याची ख्याती, ज्यातील खून रात्री होतो आणि ज्यातील नायिका हातात दिवा घेऊन झोपेत चालते, ते नाटक भर दुपारी, प्रेक्षकांविना, शब्दांविना, हालचालीविना पुन्हा उभे केले जाते. जे दिसते ते नाटकातील कोणताही क्षण नाही. दोन नटांनी छायाचित्रकारासाठी केलेला तो एक स्वतंत्र प्रयोग आहे आणि त्याचा प्रेक्षक म्हणजे भिंग.

रंगांचेही तसेच. कोलोडिअनची काच निळ्या प्रकाशाला फार हळवी आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळी असे. निळे कापड त्यात फिकट दिसते, लाल काळवंडते. ज्या पट्ट्यांच्या आणि चौकटींच्या रंगछटांसाठी चार्ल्सने प्राचीन ग्रंथकारांना साक्षीला बोलाविले, त्या छटा छायाचित्रात नुसत्या हरवत नाहीत, त्यांच्यातील परस्परसंबंधही उलटेपालटे होतो. कीनच्या प्रयोगांच्या देखाव्यांची जलरंगातील चित्रे करून ठेवलेली होती आणि त्यांतील बरीच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. रंगांच्या बाबतीत ती चित्रे छायाचित्रापेक्षा विश्वसनीय आहेत. हाताने केलेले चित्र आणि यंत्राने घेतलेले चित्र यांतील विश्वसनीयतेची उतरंड येथे उलटते.

एवढे लक्षात घेऊन पुन्हा त्या दोघांकडे पाहिले म्हणजे नजर चार्ल्सच्या अभ्यासपूर्ण पोशाखावरून घसरते आणि एलेनच्या घेरदार पोशाखावर थांबते. अकराव्या शतकातील राणीच्या वस्त्राला १८५० च्या दशकातील इंग्रज गृहिणीच्या घागऱ्याचा फुगारा आहे. हा केवळ एकदाचा अपघात नव्हे. एलेन टेरीने १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की भूमिका कोणतीही असो, मिसेस कीनचे केस कपाळावर सपाट बसवून कानांभोवती वेटोळे घालून बांधलेले असत, आणि हर्मायनीसारख्या प्राचीन ग्रीक वातावरणातील भूमिकेतही परकरांवर परकर चढविलेले असत. सर्व पुरातत्त्व नवऱ्याच्या अंगावर, आणि बायकोच्या अंगावर वर्तमानकाळ!

या घेराचा अर्थ काय लावायचा? इतिहासकार सामान्यतः हसून ती विसंगती नोंदवितात आणि पुढे जातात. एवढ्या विद्वत्तेच्या पसाऱ्यात ही चूक राहून गेली, असा त्यांचा सूर असतो. पण नऊ वर्षे ज्या थिएटरमध्ये प्रत्येक बटणाचा पुरावा शोधला जात होता, तेथे मुख्य नटीचा घागरा कोणाच्या नजरेतून 'राहून' जाणे संभवत नाही. ती तडजोड होती, आणि ती जाणूनबुजून होती. प्रतिष्ठित स्त्रीच्या देहाची जी आकृती त्या समाजाला मान्य होती ती सोडून रंगमंचावर येणे म्हणजे 'नटी' होणे. आणि मिसेस चार्ल्स कीनला नटी राहूनही नटी दिसायचे नव्हते. विवाहापूर्वी पुरुषवेशात आयॉन झालेली एलेन ट्री आणि विवाहानंतर लेडी मॅक्बेथच्या वस्त्राखाली परकर चढविणारी मिसेस कीन, या दोन पोशाखांमधील अंतर हा तिचा खरा चरित्रग्रंथ आहे. त्यात भर अशी की नाटकातील ही व्यक्तिरेखा अंधाऱ्या शक्तींना आवाहन करून आपले स्त्रीत्व काढून घ्यावे अशी मागणी करते. संहिता जे टाकून द्यावयास सांगते तेच पोशाख ठासून धरतो. हा ताण प्रयोगात होताच. छायाचित्राने तो निर्माण केला नाही, मात्र त्याच्याविना तो आपल्याला एवढ्या ठळकपणे दिसला नसता.

रोलाँ बार्थने १९८० च्या आपल्या छायाचित्रणविषयक ग्रंथात छायाचित्राचे नाते चित्रकलेपेक्षा रंगभूमीशी अधिक जवळचे मानले आणि दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे मृत्यू असे म्हटले. त्याच ग्रंथात एखादा अनपेक्षित तपशील पाहणाऱ्याला कसा टोचतो याचे त्याने विवेचन केले. कीन दांपत्याच्या छायाचित्रातील घागरा हा असा टोचणारा तपशील आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण बार्थच्या विवेचनात ही टोचणी सर्वस्वी खाजगी असते, पाहणाऱ्याच्या अंतःकरणापुरती. हा घागरा तसा खाजगी नाही. तो पाहणाऱ्याला टोचतो तो इतिहासामुळे. वस्त्रांची रीत बदलल्यावरच तो दिसू लागला. १८५८ च्या प्रेक्षकाला तो दिसतच नव्हता, कारण त्याच्या शेजारी बसलेल्या स्त्रीचा घागरा तसाच होता. तपशील छायाचित्रात प्रथमपासून होता, पण चिन्ह म्हणून तो पुढील पिढ्यांनी घडविला. अशा ठिकाणी बार्थपेक्षा वॉल्टर बेंजामिनचे १९३१ चे छायाचित्रणावरील निबंधलेखन अधिक उपयोगी पडते. जुन्या छायाचित्रात त्या क्षणी कोणाच्या ध्यानीमनी नसलेले काहीतरी पुढच्या काळासाठी दडलेले असते, ही त्याची दृष्टी मुळातच ऐतिहासिक आहे.

आता आवाजाकडे वळायचे तर छायाचित्राचा सर्वांत मोठा पक्षपात येथे आहे. चार्ल्सच्या उच्चारात दोष होता. त्याचा आवाज नाकातून येई, काही व्यंजने नीट उमटत नसत आणि समीक्षकांनी त्याची टिंगलही केली. अतिनाट्यात तो शोभत असे. 'द कॉर्सिकन ब्रदर्स' (१८५२) मधील त्याची जुळ्या भावांची दुहेरी भूमिका राणीनेही पुन्हा पुन्हा जाऊन पाहिली. पण शोकात्मिकेतील मोठ्या स्वगतांत त्याची अडचण उघडी पडे. एलेनचे नेमके उलट. टेरीच्या साक्षीनुसार परकरांचे कितीही हसू आले तरी तो आवाज करुणेने भरलेला होता आणि हर्मायनीच्या भूमिकेतील तिची प्रतिष्ठा आणि साधेपणा याहून विचित्र पोशाखानेही बिघडला नसता. छायाचित्र मुके आहे. ते नवऱ्याचा दोष झाकते आणि बायकोचा गुण झाकते. उरतो त्याचा अभ्यासपूर्ण पोशाख आणि तिचा हास्यास्पद घागरा. दीडशेहून अधिक वर्षे हे चित्र पाहणाऱ्यांनी त्याला 'संशोधक' आणि तिला 'विसंगत' ठरविले असेल, तर त्यात त्यांच्या नजरेचा दोष थोडा आणि माध्यमाचा अधिक आहे.

दोघे 'एकत्र काम करणारी' म्हणजे काय करीत होती, हेही छायाचित्र सांगत नाही. त्यासाठी पुन्हा टेरीकडेच जावे लागते. तालमीच्या वेळी चार्ल्स प्रेक्षागृहात बसे आणि त्याच्या बाजूला एक मोठ्या आवाजाची घंटा असे. रंगमंचावर काही बिनसले की तो ती जोराने वाजवी. सारे थांबे. मग मिसेस कीन, जी कायम रंगमंचावरच बसलेली असे, बिघडलेले ठीक करी आणि तालीम पुढे चाले. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली, बाकदार नाकाची ही बाई दिसायला सुंदर नव्हे, पण तिचा दरारा आणि तिची प्रतिभा दोन्ही जबर होती, असे टेरी सांगते. मुलांना स्वर स्पष्ट उच्चारायला शिकविणारी तीच. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये पक झालेल्या छोट्या टेरीच्या पायाचे बोट रंगमंचावरील झडपेत सापडून मोडले, तेव्हा दुप्पट पगाराचे आमिष दाखवून तिच्याकडून नाटक पुरे करून घेणारीही तीच. हा शेवटचा प्रसंग तिच्याबद्दल फार ममत्व वाटू देत नाही, आणि ते बरेच आहे. कष्टाळू सहचारिणीची गोड मूर्ती उभारून चार्ल्सच्या जागी तिची पूजा बांधण्याची आवश्यकता नाही. प्रश्न श्रेयाचा आहे. ज्याने घंटा वाजविली तो दिग्दर्शक की जिने चूक दुरुस्त केली ती? दोष दिसणे आणि दोष काढता येणे या दिग्दर्शनाच्या दोन क्रिया आहेत. कीनांच्या तालमीत त्या दोन माणसांत वाटल्या गेल्या होत्या. जाहिरातपत्रकांवर, चरित्राच्या शीर्षकात आणि इतिहासग्रंथांच्या सूचीत त्यांपैकी पहिलीच क्रिया नोंदविली गेली. या अर्थाने ते छायाचित्र लिखित कागदपत्रांपेक्षा न्यायी आहे. त्यात निदान दोघांना सारखी जागा मिळाली आहे.

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला या प्रकरणात रस वाटण्याचे कारण आहे. लंडनमध्ये कीनचे 'मॅक्बेथ' आले त्याच १८५३ साली विष्णुदास भावे यांच्या मंडळीने मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात प्रयोग केले. पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भावे यांना मुंबईत आश्रय देणारे भाऊ दाजी आणि त्या सोसायटीत पुढाकार घेणारे नारायण दाजी हे सख्खे भाऊ. एकाच घरात नाटक आणि छायाचित्र या दोन्ही नव्या हौशी नांदत होत्या. तथापि आपल्याकडील रंगभूमीवरचे दांपत्य दीर्घकाळ दोन पुरुषांचे होते. संगीत नाटकांच्या काळातील नायक-नायिकेच्या छायाचित्रांत दिसणारे 'जोडपे' हे पोशाखाने आणि पवित्र्याने घडविलेले जोडपे आहे. तेथे आहार्य हा अलंकार राहत नाही, स्त्रीत्वाचा सारा भार त्याच्यावर पडतो. बालगंधर्वांच्या स्त्रीवेशातील छायाचित्रांवरून प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी लुगड्याची आणि अलंकारांची तऱ्हा उचलली, ही नेहमी सांगितली जाणारी गोष्ट या संदर्भात नव्याने वाचावी लागते. एलेनच्या बाबतीत घरातील स्त्रीचा वेश रंगमंचावर गेला. बालगंधर्वांच्या बाबतीत रंगमंचावरील वेश घरात आला. दोन्हीकडे छायाचित्राने दलाली केली, पण मालाची दिशा उलट.

आणि जेव्हा खरे दांपत्य मराठी रंगमंचावर आले तेव्हा गुंता वेगळाच झाला. रघुनाथराव गोखले आधी स्त्रीभूमिका करीत असत. पुढे ते नायक झाले आणि त्यांच्यासमोर नायिका म्हणून त्यांच्या पत्नी कमलाबाई उभ्या राहिल्या, त्याच कमलाबाई ज्यांनी बालवयात दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' (१९१३) या चित्रपटात काम केले होते. काल जी जागा नवऱ्याची होती तीत आज बायको उभी आहे, अशी ही जोडी. तिला 'पती-पत्नी नटांची जोडी' एवढ्या तळटिपेत बसविणे म्हणजे कीनांच्या छायाचित्राखाली 'ऐतिहासिक वेशभूषा' असे लिहून मोकळे होण्यासारखेच आहे.

कीनांनी १८५९ मध्ये प्रिन्सेस थिएटर सोडले. त्यानंतर लवकरच इंग्लंडात खिशात मावणाऱ्या, पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या छोट्या छायाचित्रांची लाट आली. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये या प्रकाराचे पेटंट घेतले होते, पण लंडनमध्ये त्याचे वेड लागले ते १८६० मध्ये मेयॉलने राजघराण्याची छायाचित्रे बाजारात आणल्यावर. राणी, धर्मगुरू आणि नटी एकाच आल्बममध्ये एकाच आकारात बसू लागल्या. छायाचित्रांना कलाकृतीचा कायदेशीर हक्क मिळाला तो १८६२ च्या कायद्याने. १८६३ मध्ये कीन दांपत्य ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाले. तेथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, मग जमैका, क्यूबा, न्यूयॉर्क अशी जवळजवळ तीन वर्षे फिरत राहिले. त्या प्रवासातील पत्रे १९५४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. भव्य देखावे लंडनलाच राहिले होते. जहाजांवर आणि अनोळखी गावांतील थिएटरांत दोघांबरोबर त्यांच्या भूमिका आणि पोशाखांच्या पेट्या तेवढ्या होत्या, आणि प्रयोग चालत होते. पुरातत्त्वावाचून कीनांचे नाटक उभे राहू शकत होते, ही गोष्ट प्रिन्सेस थिएटरच्या इतिहासात फारशी लक्षात घेतली जात नाही.

चार्ल्स जानेवारी १८६८ मध्ये वारला. एलेनने रंगभूमी सोडली. ती १८८० पर्यंत जगली. डिसेंबर १८८८ मध्ये हेन्री अर्विंगने लायसिअम थिएटरात 'मॅक्बेथ' आणले तेव्हा लेडी मॅक्बेथ झाली ती एलेन टेरी, कीनांच्या तालमीत स्वर शिकलेली मुलगी. तिचा हिरवा, बीटल किड्यांचे पंख शिवलेला पोशाख अंगाबरोबर खाली उतरतो, त्याला घेर नाही. जॉन सिंगर सार्जंटने १८८९ मध्ये तिचे चित्र रंगविले. तीत ती दोन्ही हातांनी मुकुट स्वतःच्या डोक्यावर धरून उभी आहे, जे ती नाटकात कोठेही करीत नाही. शेजारी मॅक्बेथ नाही.